डोंबिवली स्टेशनात फोटो काढायला निघण्याआधी

बॅटरी आदल्या रात्री चार्जिंगला लावा आणि कार्ड रिकामं करा. एवढंही सांगायचं का, असं वाटेल. पण भरलेलं कार्ड घेऊन मी एकदा फलाटावर उभा होतो आणि समोरून पावसात धुऊन निघालेली पंधरा डब्यांची लोकल येत होती. जुने फोटो पुसेपर्यंत तिचा शेवटचा डबाही गेला.

मग दिवस ठरवा. स्टेशनाजवळचा फडके रोड म्हटलं की लोकांना दिवाळीची पहाट आठवते, नाहीतर पाडव्याची स्वागतयात्रा, जी डोंबिवलीत १९९९ साली सुरू झाली. हे दोन्ही दिवस यादीतून खोडा. त्या दिवशी माणसं नटून फोटोत यायलाच बाहेर पडलेली असतात. आपल्याला साधा वार हवा. मंगळवारी गणपती मंदिराच्या बाजूला गर्दी, म्हणून मी बुधवार धरतो.

पहाटे साडेपाचला पोहोचा. स्टेशनबाहेर पेपरवाले जमिनीवर बसून पेपरात पुरवण्या घालत असतात, त्यांच्या बोटांचा वेग बघण्यासारखा असतो. तिथे उजेड कमी, त्यामुळे आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवायला लाजू नका. फोटोत दाणे आले तर येऊ देत.

उन्हाचा हिशेब मात्र घरी बसून, नकाशा समोर ठेवून करा. पूर्वेला राहणारा माणूस सकाळी पश्चिमेकडे चालत स्टेशन गाठतो, म्हणजे ऊन त्याच्या पाठीवर. संध्याकाळी तो उलटा चालतो, ऊन पुन्हा पाठीवरच. पश्चिमेला राहणाऱ्याच्या मात्र दोन्ही वेळा तोंडावर. (उजेड असताना घरी पोहोचणारे डोंबिवलीकर किती, हा वेगळा विषय.) तेव्हा लांब सावल्या आणि कडेने उजळलेले केस हवे असतील तर पूर्व, चेहरे हवे असतील तर पश्चिम. हे कळायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी पूर्वेला उभा राहून काळे चेहरे गोळा करत होतो आणि दोष लेन्सला देत होतो.

सकाळी साडेसात ते दहा कॅमेरा घेऊन फलाटावर जाऊच नका. गर्दीचा फोटो काढणाराही गर्दीतच मोजला जातो, आणि ज्याची आठ-सतराची फास्ट तुमच्या कोपरामुळे चुकली त्याला तुमची चौकट समजावून सांगता येणार नाही. त्या वेळात चहा घ्या, रिक्षाची रांग बघा, पोळीभाजी केंद्राच्या काउंटरशी उभे राहा. फलाट अकरानंतरचा. बाकावर डुलकी काढणारा, पिशवीतले वाटाणे सोलणाऱ्या दोघी, पुलाच्या जाळीची फलाटावर पडलेली नक्षी, सगळं तेव्हा दिसतं.

फलाट तिकीट दहा रुपयांचं, दोन तास चालतं. ते वरच्या खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. कोणी विचारलं की लगेच काढता आलं पाहिजे. ट्रायपॉड घरीच राहू दे, तो दिसला की हे शूटिंग आहे असं वाटतं, आणि व्यावसायिक शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते. रेल्वे पोलिसांनी थांबवलं तर काढलेले फोटो दाखवा, हुज्जत नको. फ्लॅश बंद, कारण समोरून मोटरमन येत असतो. काठीला कॅमेरा लावून वर धरायचा मोह झाला तर मान वर करून वायर बघा, तिच्यात २५,००० व्होल्ट असतात. आणि रुळांत उतरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या फलाटावरून तोच फोटो मिळतो.

फलाटावर गाडीची वेळ दाखवणाऱ्या इंडिकेटरचे आकडे फोटोत अर्धवट येतात, ही नेहमीची तक्रार. त्यातले दिवे सतत लुकलुकत असतात, डोळ्याला कळत नाही पण वेगवान शटरला कळतं. शटरचा वेग सेकंदाच्या एक-साठांशाच्या आसपास आणा, आकडा बहुतेक वेळा पूर्ण येतो. धावती लोकल मात्र गोठवायची असेल तर एक-पाचशांशापेक्षा हळू शटर ठेवू नका.

पावसाळ्यात दोन रुमाल आणि एक दुधाची धुतलेली पिशवी पुरते. एसी डब्यातून उतरलात तर पाच मिनिटं कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर धुकं धरतं.

महिलांच्या डब्याकडे लेन्स वळवायची नाही. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारून.

भाजीवाल्यांनाही विचारा, पण कधी विचारायचं हे माहीत हवं. शेवग्याच्या शेंगा विकणाऱ्या एका मावशींना मी सकाळी सकाळी विचारलं, तर म्हणाल्या, "आधी भवानी होऊ दे रे, मग काय ते काढ." मी वीस रुपयांच्या शेंगा घेतल्या, फोटो काढला, आणि पुढच्या बुधवारी बॅगेत त्याची प्रिंट टाकून गेलो. त्यांनी ती लांब धरून बघितली.

"शेंगा बऱ्या आल्यात," म्हणाल्या, "मला कशाला घेतलंस मधी?"