सर्व्हिसिंगहून आलेली मोटरसायकल बिघडली, तर शोध कुठून सुरू करावा

सर्व्हिसिंगला देताना ठणठणीत असलेली गाडी परत आणल्यावर झटके देऊ लागते, चेन वाजू लागते, एव्हरेज घसरते किंवा ब्रेक लागेनासा होतो. अशा वेळी बहुतेक लोक थेट कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे जातात आणि तो अंदाजाने कार्ब्युरेटर, प्लग, क्लच असे एकेक उघडत बसतो. शोधाची खरी सुरुवात जॉब कार्डापासून, म्हणजे गाडी देताना वर्कशॉपने कामे नोंदवलेल्या कागदापासून व्हायला हवी. कालपर्यंत नसलेला दोष आज दिसत असेल, तर ज्या भागाला काल हात लागला तिथेच तो असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणून जॉब कार्ड आणि बिल समोर ठेवून काय उघडले, काय बदलले आणि काय धुतले याची यादी आधी करावी आणि गाडीकडे त्यानंतर वळावे.

डीलरच्या वर्कशॉपमध्ये कामाची रीत ठरलेली असते. सकाळी गाड्यांची रांग लागते, एकेका फिटरच्या वाट्याला दिवसभरात अनेक गाड्या येतात, शेवटी वॉशिंग होते आणि संध्याकाळी डिलिव्हरीची घाई असते. या घाईत सर्वांत आधी गळते ती कामानंतरची ट्रायल. शनिवार-रविवारी हे अधिकच घडते, त्यामुळे ज्यांना शक्य आहे त्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी गाडी द्यावी आणि ताबा घेताना दिवसाचा उजेड असेल अशी वेळ मागून घ्यावी. ताबा घेण्यापूर्वी सर्व्हिस ॲडव्हायझरला सोबत घेऊन वर्कशॉपच्या आवारातच गाडी थोडी चालवून पाहावी, कारण फाटकाबाहेर पडल्यानंतरची तक्रार आणि फाटकाच्या आतली तक्रार यांना मिळणारी वागणूक सारखी नसते.

पहिली तपासणी मागच्या चाकाची करावी, कारण चूक झाल्यास जिवावर बेतेल अशी कामे इथेच होतात. चेन ताणताना ॲक्सलचा नट सैल करून चाक मागे ओढले जाते. गाडी मेन स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाकून खाली वाकून पाहावे. स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंना आखलेल्या खुणा असतात आणि चेन ताणणारे ॲडजस्टर दोन्हीकडे एकाच खुणेवर असायला हवेत. एका बाजूला अर्ध्या खुणेचा जरी फरक असला, तरी चाक तिरपे बसते, गाडी एका बाजूला ओढते आणि चेन-स्प्रॉकेट एकीकडून झिजू लागतात. ॲक्सलचा नट आणि मागचा ड्रम ब्रेक असल्यास त्याच्या पॅनेलला धरून ठेवणाऱ्या टॉर्क रॉडचा नट घट्ट आहे का, आणि जिथे स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून आरपार घालायची दोन पायांची पिन) असायला हवी तिथे ती आहे का आणि तिचे पाय वळवलेले आहेत का, हे डोळ्यांनी पाहूनच खात्री करावी. पिन नसेल तर ती बसवून घेईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.

त्यानंतर चेनचा ढिलेपणा मोजावा. पूर्ण चेनकव्हर असलेल्या गाड्यांना खालच्या बाजूला एक रबरी बूच असते. ते काढून चेनच्या खालच्या भागाला मधोमध बोटाने वर-खाली करून पाहावे. बहुतेक 100 ते 150 सीसीच्या गाड्यांत हा ढिलेपणा साधारण 20 ते 35 मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेला असतो, नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत मिळतो. चाक हाताने फिरवून हेच माप तीन-चार ठिकाणी घ्यावे, कारण जुनी चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल असते. आवाज येऊ नये म्हणून चेन जास्त ताणून देण्याची सवय वर्कशॉपमध्ये सर्रास दिसते आणि ती सैल चेनपेक्षाही वाईट आहे. दोन माणसे बसून मागचे शॉकअप दबले की चेन आणखी ताणली जाते आणि तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर व चाकाच्या बेअरिंगवर येतो. सर्व्हिसिंगनंतर गाडी जड वाटत असेल, ढकलताना कुरकुरत असेल, तर सर्वप्रथम हेच तपासावे.

इथेच एक बारकावा सुटतो. चेन ताणताना चाक मागे सरकले की रॉडने चालणारा मागचा ड्रम ब्रेक आपोआप घट्ट होतो आणि ब्रेक पुन्हा सेट केला नाही, तर शू ड्रमला घासत राहतात. पाच-सहा किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक वापरत चालवल्यानंतर मागच्या हबजवळ हात नेऊन पाहावा. चटका बसेल इतका तो तापला असेल, तर ब्रेक धरून आहे. एव्हरेज अचानक उतरण्यामागे अनेकदा इंजिनाऐवजी हेच कारण असते. पेडल दाबल्यावर मागचा दिवा वेळेवर लागतो का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

इंजिन ऑइलच्या बाबतीत कमी भरण्याइतकाच जास्त भरण्याचाही दोष आढळतो. तपासण्यासाठी गाडी सपाट जागी मेन स्टँडवर उभी करावी, इंजिन तीन-चार मिनिटे आयडलिंगवर चालवून बंद करावे आणि ऑइल खाली उतरायला दोन-तीन मिनिटे द्यावीत. ज्या गाड्यांना डिपस्टिक आहे त्यांतील अनेकींमध्ये ती पुसून, आटे न फिरवता, नुसती टेकवून पातळी पाहायची असते. आटे फिरवून पाहिल्यास पातळी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. काचेची खिडकी असलेल्या गाड्यांत गाडी सरळ उभी धरून दोन खुणांच्या मध्ये ऑइल आहे का, ते पाहावे. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल, तर जादा ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात जाते, पिकअप मंदावते आणि सायलेन्सरमधून धूर येऊ शकतो. ते काढून टाकण्याची मागणी करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. बिलावर ऑइलचा ग्रेड वाचावा. ओला क्लच, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडालेला क्लच असलेल्या मोटरसायकलीला जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए-2 प्रतीचे ऑइल लागते. कारचे ऑइल पडल्यास क्लच घसरू शकतो, म्हणजे रेस वाढते पण गाडी त्या प्रमाणात पळत नाही. हेच लक्षण क्लच लिव्हरला मोकळी चाल न ठेवल्यानेही दिसते, म्हणून आधी लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल आहे का, ते पाहावे. रात्रभर गाडी जिथे उभी होती तिथे खाली जुना कागद अंथरून ठेवल्यास ड्रेन बोल्टची (ऑइल सोडण्याच्या बोल्टची) गळती सकाळी लगेच कळते. बोल्ट अति घट्ट करून इंजिन केसचे आटे गेले असतील, तर तो दुरुस्तीचा खर्च वर्कशॉपने सोसायचा आहे, ग्राहकाने नव्हे.

झटके आणि मिसिंग यांची कारणे बहुधा साधी असतात. दाबाच्या पाण्याने धुताना प्लगच्या कॅपमध्ये किंवा वायरिंगच्या जोडणीत पाणी शिरते, प्लगची कॅप अर्धवट बसवलेली असते, किंवा एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण नीट बसलेले नसते. ऑइल लावलेला कागदी फिल्टर हवेचा झोत मारून साफ करायचा नसतो, तो मुदत झाली की बदलायचा असतो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 निकषांच्या बहुतांश गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असते आणि सर्व्हिसिंगनंतर मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा इंजिन चालू असतानाही विझत नसेल, तर एखाद्या सेन्सरचा कनेक्टर निघालेला असू शकतो. स्कॅनरशिवाय अंदाजाने भाग बदलू देऊ नयेत. एबीएसचा दिवा मात्र गाडी थोडा वेग घेईपर्यंत लागलेला राहतो, तो दोष नव्हे. चालू लागल्यावरही विझला नाही, तर पुढच्या चाकाच्या कामात सेन्सर हलला आहे का, हे विचारावे.

टॅपेटच्या, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांच्या आवाजाबद्दल गैरसमज फार आहे. आवाज पूर्ण बंद झाला म्हणजे काम उत्तम झाले, असे समजणे धोक्याचे आहे. टॅपेटची फट इंजिन पूर्ण थंड असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून ठेवायची असते. ती गरजेपेक्षा कमी राहिली, तर व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देते, ताकद कमी होते आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. गाडी वर्कशॉपमध्ये पोचल्या पोचल्या गरम इंजिनावर टॅपेट सेट झाले असतील, तर ते पुन्हा करून मागावेत.

ब्रेकचे नवे पॅड किंवा शू पहिले काही किलोमीटर कमी पकडतात, हे स्वाभाविक आहे. परंतु डिस्क ब्रेकचा लिव्हर स्पंजासारखा दबत हँडलला टेकत असेल, तर ब्रेक ऑइलच्या नळीत हवा आहे. अशी गाडी न चालवता कंपनीच्या रोडसाइड सेवेला किंवा वर्कशॉपलाच उचलून न्यायला सांगावे.

दोष सापडला, तरी बाहेरच्या मेकॅनिककडून लगेच उघडून घेऊ नये. वॉरंटीतल्या गाडीवर तोच आक्षेप पुढे केला जातो आणि चूक कोणाची हे सिद्ध करणे अवघड होते. मीटरचे रीडिंग, गळती किंवा नटाचा फोटो आणि आवाजाचा व्हिडिओ काढून ठेवावा. वर्कशॉपमध्ये “जरा बघून देतो” यावर समाधान न मानता नवे जॉब कार्ड उघडायला लावावे आणि त्यात लक्षण नेमक्या शब्दांत लिहून घ्यावे. “गाडी नीट चालत नाही” यापेक्षा “तिसऱ्या गिअरमध्ये 40 च्या वर थ्रॉटल दिल्यावर झटके देते, सर्व्हिसिंगपूर्वी देत नव्हती” असे लिहिलेले असेल, तर फिटरला शोधणेही सोपे जाते. ट्रायलला त्याच्या मागे स्वतः बसावे. बदललेले जुने भाग परत हवे असल्यास ते गाडी देतानाच जॉब कार्डवर नोंदवावे आणि न सांगता केलेल्या पॉलिश वा कोटिंगचे पैसे बिलातून वगळायला लावावेत.

यानेही काम होत नसेल, तर सर्व्हिस मॅनेजरला ईमेल करावा, नंतर उत्पादक कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा, आणि तरीही उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष सेवेबद्दल तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते, ती आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, वकील देणे बंधनकारक नाही आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तिथे दोन्ही जॉब कार्डे, बिल, ईमेल आणि तारखेसह फोटो जोडावे लागतात, त्यामुळे हे कागद सर्व्हिसिंगच्या पहिल्या दिवसापासून एकाच फाइलमध्ये ठेवावेत.