आरडीएफची लायब्ररी लिहिताय? निदान या चुका टाळा

आरडीएफ म्हणजे माहिती ‘कर्ता, गुणधर्म, मूल्य’ अशा तिकड्यांत, म्हणजे ट्रिपलांत, मांडायची पद्धत. टर्टल हा ती फाइलीत लिहायचा एक फॉरमॅट, आणि ती फाइल वाचणारा कोड म्हणजे पार्सर. ‘टर्टलचा पार्सर ना, शनिवार-रविवारात उरकतो,’ असं म्हणणारा कुणीतरी दर काही महिन्यांनी उगवतोच. हातात रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायचं साधन) असतं, स्पेसिफिकेशन उघडलेलंही नसतं. टर्टलमध्ये ट्रिपल टिंबानं संपतं, म्हणून अवतरणचिन्हांच्या आत टिंब आलं की याचं ट्रिपल तिथंच तुटतं. रेजेक्सनं टर्टल वाचू नका. विषय संपला.

खरं डोकं खातात ते ब्लँक नोड, म्हणजे ज्यांना कायमचं नाव नाही अशा गोष्टी. त्यांचं लेबल त्या फाइलपुरतंच असतं, तरी मंडळी ते जसंच्या तसं मेमरीत ठेवतात. आमच्या लायब्ररीकडे असाच एक पॅच, म्हणजे कोडमधला बदल, आला. कारण काय, तर ‘डीबगिंगला बरं पडतं’. टेस्ट सगळ्या हिरव्या, कारण प्रत्येक टेस्ट एकच फाइल उघडत होती. पुढे एकानं दोन ग्रंथालयांच्या याद्या एकाच ग्राफमध्ये, म्हणजे ट्रिपलांच्या एकाच साठ्यात, भरल्या. दोन्हीकडे पत्त्याच्या नोडचं लेबल ‘बी-शून्य’. झालं, दोन पत्त्यांचा एक पत्ता आणि त्याला दोन पिनकोड! एरर एकही नाही. त्या बिचाऱ्यानं आधी स्वतःच्या डेटावर संशय घेतला, मग स्पार्कलवर, म्हणजे आरडीएफला प्रश्न विचारायच्या भाषेवर. पार्सरकडे कुणाचं लक्षच जाईना. माझी सवय अशी: दर पार्सला लेबलांचा मॅप कोरा, आणि एकच फाइल दोनदा भरणारी एक टेस्ट. ब्लँक नोड दुप्पट झाले नाहीत, तर पॅच परत.

आउटपुटची तुलनाही स्ट्रिंग म्हणून करू नका. ओळींचा क्रम बदलतो, लेबलं बदलतात. पायथॉनच्या आरडीएफलिब लायब्ररीत त्यासाठी ‘आयसोमॉर्फिक’ फंक्शन आहे; लेबलं सोडून दोन ग्राफ सारखे आहेत का, ते सांगतं. २०२४ पासून डब्ल्यूथ्रीसीचं (वेबची प्रमाणं ठरवणारी संस्था) कॅनॉनिकलायझेशनचं, म्हणजे ग्राफला एकच ठरीव रूप द्यायचं, प्रमाणही आहे. ते वाचायला कंटाळा येतो, मान्य. पण घरचा अल्गोरिदम लिहू नका.

मराठी डेटा असेल तर ‘कऱ्हाड’ टाकून बघाच. यातला ‘ऱ’ कुणी एकाच कोडपॉइंटनं (युनिकोडमधल्या अक्षराच्या क्रमांकानं) लिहितं, कुणी र आणि नुक्ता जोडून, कुणी र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर वापरून. स्क्रीनवर गाव एक, स्पार्कलच्या लेखी तीन. एनएफसी, म्हणजे युनिकोडचं एकसारखं करायचं ठरीव रूप, केलं की पहिले दोन प्रकार एक होतात, तिसरा तसाच राहतो. तो वेगळा बदलून घ्यावा लागतो. मी ही साफसफाई डेटा आत घेणाऱ्या स्क्रिप्टमध्ये करतो. लायब्ररीनं परस्पर कुणाच्या स्ट्रिंगला हात लावलेला मला खपत नाही. आरडीएफलिब मुळातच पूर्णांक ‘०१’चा ‘१’ करून टाकतं, तेही मला रुचत नाही.

स्कीमा डॉट ऑर्ग या शब्दसंग्रहाचे एचटीटीपी आणि एचटीटीपीएस हे दोन वेगळे आयआरआय, म्हणजे आरडीएफमधली वेगळी नावं, आहेत. भाषेचा टॅग असलेलं लिटरल (थेट लिहिलेलं मूल्य) नुसत्या स्ट्रिंगशी जुळत नाही.

आणि डब्ल्यूथ्रीसीच्या टेस्ट फुकट मिळतात, त्या पहिल्या दिवसापासून चालवा. पार्सरनं नाकारायलाच हव्यात अशा फाइलीही त्यात आहेत, आणि घाईत लिहिलेले पार्सर नेमक्या त्याच आनंदानं गिळतात. ‘टेस्ट नंतर लावू’ असं लिहिलेला पॅच मी उघडतच नाही.