माळ्यावरच्या पेटीत जुनी पोथी सापडली, तर

जुनं घर रिकामं करताना देवघराच्या फडताळात किंवा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत लाल रुमालात बांधलेलं बाड हाती लागतं. आडवी, सुटी, पिवळी पडलेली पानं. वाचणारं घरात कोणी उरलेलं नसतं, मग कोणीतरी म्हणतं, ‘नदीत सोडून द्या.’ कृपा करून तसं करू नका. ते नेमकं काय आहे, हे शोधणं वाटतं तेवढं अवघड नाही.

आधी नुसतं बघा

रुमाल सोडण्यापूर्वीच मोबाइलवर फोटो काढा. बाड कुठे होतं, सोबत काय होतं, हे एका वहीत लिहा. पोथीवर पेनानं काहीही लिहू नका. हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि पानं स्वच्छ कापडावर ठेवून उलटा. बोटाला थुंकी लावायची नाही. त्यानं कागद खराब होतोच, शिवाय हस्तलिखितातली चूक झाकायला पूर्वी हरताळ हे पिवळं खनिज लावत. तो थर विषारी आर्सेनिकचा असतो, म्हणून काम झाल्यावरही हात धुवा.

ओल्या फडक्यानं पुसू नका, काजळाची शाई पाण्यानं पसरते. उन्हात वाळवणं, सेलोटेप लावणं, लॅमिनेशन करणं, घाईनं नवी बांधणी करून घेणं, यातलं काहीच नको. पानांचा क्रम विस्कटलेला दिसला तरी तसाच राहू द्या. मध्ये एखादी पत्रिका किंवा हिशेबाचा चिटोरा निघाला, तर तो कोणत्या पानात होता हे आधी टिपून ठेवा. कोणाच्या जन्माची वेळ, कोणाला दिलेली उसनवारी, पोथी कोणी कोणाला दिली, असल्या नोंदी जगात दुसरीकडे कुठेच नसतात. ग्रंथाच्या इतर प्रती असतील, या नोंदींची प्रत नसते.

हाताने लिहिलेली की छापलेली?

इथे पुष्कळ जण फसतात. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेसवर पंचांग छापलं आणि पुढच्या काळात शिळाछापाच्या असंख्य पोथ्या घरोघर गेल्या. शिळाछापात लेखकाचं अक्षरच दगडावर उतरवत, त्यामुळे पोथी हुबेहूब हस्तलिखितासारखी दिसते. भिंग घेऊन शाई पाहा. बोरूच्या लेखणीनं लिहिताना शाईत बुडवल्याबरोबर अक्षर गडद येतं आणि ओळ पुढे सरकेल तसं फिकं होत जातं. शिळाछापात काळेपणा साधारण सारखाच असतो. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून केलेल्या छपाईत प्रत्येक ‘क’ एकाच साच्यातला, अगदी जुळा दिसतो.

अक्षरं लागत नसतील तर ती मोडी, म्हणजे मराठीची जुनी जलद लिहायची लिपी असू शकते. पोथ्या बहुधा बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत लिहीत, पत्रं आणि हिशेब मोडीत. अक्षरं बाळबोध दिसतात पण शब्दच जुळत नाहीत, असं असेल तर महानुभाव पंथाच्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपीची शंका घ्या आणि जाणकाराला गाठा.

सन-शके काढा

सगळ्यात आधी शेवटचं पान उघडा. हस्तलिखिताच्या अखेरीस बहुधा शके, संवत्सर, तिथी आणि लिहिणाऱ्याचं नाव असतं; जुन्या छापील पोथीतही छापखान्याचं नाव अनेकदा तिथेच सापडतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. तिथी जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतची असेल तर ७९. शके १७८२, रौद्रनाम संवत्सर, म्हणजे १८६०-६१. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं असल्यानं आकडा पुसट असला तरी नावावरून तो पडताळता येतो. मात्र नक्कल करणारा कधी मूळ प्रतीचा शकही जसाच्या तसा उतरवतो, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नका.

बांधीव पुस्तकावर सन नसेल तर इतर खुणा शोधा. ‘सन १८६७ चा २५ वा आक्ट’ असा उल्लेख असेल तर पुस्तक त्यानंतरचं. किंमत आणे-पैत असेल तर ते बहुधा १९५७ पूर्वीचं, कारण त्या एप्रिलपासून नवे पैसे आले. एकाच घराबद्दल ‘घरांत’, किंवा ‘केलें’ असे अनुस्वार दिसले तर लेखन १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या वळणाचं आहे.

ग्रंथ कोणता, पूर्ण आहे का?

पोथीच्या समासात ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरं, अध्याय आणि पानाचा आकडा असतो. श्रीधर कवींच्या पोथ्या सर्वाधिक सापडतात: हरिविजयाचे ३६ अध्याय, रामविजयाचे ४०, पांडवप्रतापाचे ६४. मोजले की काय हरवलंय ते कळतं.

छापील पुस्तकासाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ पाहा. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांचा आहे, आणि मोठ्या ग्रंथालयात ती मिळते. १८६७ पर्यंतच्या मराठी छापील पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतात. तुमचं पुस्तक त्यातलं निघालं तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जरूर विचारा. हस्तलिखितासाठी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि समर्थ रामदासांच्या परंपरेतलं बाड असेल तर धुळ्याचं श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर. जाताना मूळ पोथी नेऊ नका. पहिलं पान, शेवटचं पान आणि मधलं एखादं, एवढे स्पष्ट फोटो पुरतात.

पैसे किती मिळतील, हा प्रश्न येतोच. शिळाछापाची हरिविजयाची पोथी खूप घरांत आहे, तिला मोठी किंमत येईल असं धरून चालू नका. रद्दीवाल्याच्या किंवा घरी आलेल्या खरेदीदाराच्या पहिल्या आकड्यावर तर कधीच देऊ नका.

ठेवायची की द्यायची?

घरीच ठेवणार असाल तर धुतलेल्या, कोरड्या सुती कापडात बांधून, ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवा आणि पावसाळ्यानंतर उघडून कसर, वाळवी बघा. संस्थेला देणार असाल तर आधी सगळ्या पानांचे क्रमानं फोटो काढा, पानांची संख्या लिहिलेली पोच घ्या आणि घरच्यांना पोथी पुढे पाहता येईल का, हे लेखी ठरवा. परदेशातल्या भावंडांना फोटोच पाठवा. साहित्यिक किंवा ऐतिहासिक मोलाचं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, आणि ते देशाबाहेर नेण्याची मुभा खासगी व्यक्तीला नाही.