जुन्या गाडीला वंगण घालताना या चुका टाळा

ठाण्यात जुनी गाडी बाळगणाऱ्याची दोन गोष्टींशी बाराही महिने गाठ असते: खाडीवरून येणारी खारट, दमट हवा आणि घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामामुळे उडणारी धूळ. हवेमुळे लोखंड गंजते म्हणून आपण ग्रीस लावतो, त्या ग्रीसवर धूळ बसते आणि पुढच्या वेळी त्याच धुळीवर आपण नवा थर चढवतो. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान याच सवयीने होते. दाराच्या बिजागरीवरचे काळे ग्रीस चिमटीत घेऊन चोळून पाहा. बोटांना बारीक वाळूची खरखर लागली, तर ते ग्रीस पॉलिश पेपरासारखे बिजागरीची पिन झिजवत आहे, असे समजावे. जुने ग्रीस रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने काढून, फडक्याने कोरडे पुसून मगच नवे लावावे. रॉकेल रंगावर आणि रबरावर जाऊ देऊ नये.

गंज सोडवणाऱ्या स्प्रेलाच वंगण समजणे ही दुसरी चूक. डब्ल्यूडी-४० हे या प्रकारातले सर्वांना ठाऊक असलेले नाव. १९५३ साली अमेरिकेत ते तयार झाले तेव्हा धातूवरचे पाणी हटवणे हाच त्याचा उद्देश होता आणि नावातला ४० हा आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. अशा स्प्रेने अडकलेला नट सुटतो, बिजागरीची कुरकुर लगेच थांबते. परंतु त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहणारा तेलाचा पातळ थर आपल्याकडच्या पावसाळ्यात टिकत नाही. स्प्रेने साफ करावे, पुसावे आणि नंतर बिजागरी व बॉनेटच्या लॅचला लिथियम ग्रीस लावावे. कुलपात मात्र तेलही नको आणि ग्रीसही नको. किल्लीच्या खाचेत ग्रॅफाइटची कोरडी पूड पुरते.

रबराविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. माझ्या मारुती ८०० चे पुढचे ब्रेक उघडले होते, तेव्हा कॅलिपरच्या (चाकाच्या चकतीवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) सरकत्या पिना कोरड्या दिसल्या, म्हणून डब्यातले नेहमीचे पिवळे ग्रीस मी त्यांना भरपूर लावले. काही महिन्यांनी गायमुखचा घाट उतरून आल्यावर डाव्या चाकाजवळ जळका वास आला. चाक इतके तापले होते की हात जवळ नेववेना. उघडून पाहिले, तर पिनेवरचे रबरी बूट (आवरण) फुगून मऊ पडले होते, पिन जागीच अडकली होती आणि आतल्या बाजूचा पॅड बाहेरच्या पॅडच्या निम्माही उरला नव्हता. ब्रेकमधल्या रबराला नेहमीच्या ग्रीसमधले खनिज तेल मानवत नाही, ते शोषून रबर फुगते. तेथे ब्रेकसाठीच बनवलेले, उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीस वापरावे आणि तेही अगदी पातळ. मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकमध्ये शू (ड्रमला आतून दाबला जाणारा भाग) ज्या ठिकाणी पत्र्याला घासतो तेवढ्याच जागी ब्रेकचे ग्रीस किंचित लावावे. लायनरला (शूवरच्या घासणाऱ्या अस्तराला) ग्रीस लागले, तर पुसत बसू नये, लायनर बदलावा. काचेच्या रबरी पट्टीलाही तेल लावू नये. काच जड चालत असेल, तर पट्टी ओल्या फडक्याने साफ करून सिलिकॉन स्प्रे मारावा.

क्लच जड झाला की केबलमध्ये तेल सोडण्याची पद्धत आहे. आत प्लास्टिकचे अस्तर असलेल्या केबलला त्याची गरज नसते, उलट त्या तेलात कचरा साठतो. केबलच्या टोकाशी एखादी तार तुटून वर आलेली दिसली, तर केबल बदलण्याला पर्याय नाही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ॲक्सलचे रबरी बूट मे महिन्यातच तपासावेत. चाकाच्या आतल्या बाजूस काळ्या ग्रीसचे फराटे दिसले, तर बूट फाटला आहे. बाहेरून ग्रीस थापून उपयोग होत नाही. आतला जॉइंट (ॲक्सलचा सांधा) धुऊन, त्यात मॉलिब्डेनम असलेले ग्रीस भरून नवा बूट बसवावा. वळताना कटकट आवाज येऊ लागेपर्यंत थांबल्यास बहुधा जॉइंटच बदलावा लागतो.

पद्मिनी किंवा अँबॅसेडर असेल, तर ग्रीस गन हाताशी हवीच. गन लावण्यापूर्वी निपल (ग्रीस भरण्याचे लहान तोंड) पुसला नाही, तर त्यावरची माती थेट जॉइंटमध्ये ढकलली जाते. जुने ग्रीस बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत पंप मारावा आणि बाहेर आलेले पुसून घ्यावे. निपल ग्रीस घेत नसेल, तर जोर न करता तो उघडून साफ करावा. वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकमेकांत मिसळू नयेत, कारण लिथियम ग्रीसमध्ये न जुळणारे ग्रीस पडले की मिश्रण पातळ होऊन वाहू लागते.

एवढे करूनही स्पीड ब्रेकरवर करकर ऐकू येत असेल, तर खालच्या सगळ्या बुशांवर (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी तुकड्यांवर) तेल उडवू नये. एकेका बुशावर थोडे पाणी ओतून कोणाला तरी गाडी वरून दाबायला सांगावे. ज्या बुशावर पाणी पडताच आवाज बदलेल, तो खोलून तडे गेले आहेत का ते पाहावे.