बॉब डिलनच्या कार्यक्रमाला जाताय? आधी कान तयार करा

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या चाहत्यांची तक्रार साठ वर्षं एकच आहे: आमचं गाणं त्यानं ओळखू येईना असं गायलं. २५ जुलै १९६५ ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो साध्या गिटारीऐवजी इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि आरडाओरडा झाला. १७ मे १९६६ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला ‘जूडास’ (येशूला दगा देणारा शिष्य) म्हणालं. नोव्हेंबर १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड थिएटरात त्यानं चौदा कार्यक्रम केले. त्यांत फक्त नवी ख्रिस्तभक्तीची गाणी होती, जुनं एकही नाही. तेव्हा चिडलेली माणसं आज आजोबा झाली आहेत आणि त्यांची नातवंडं त्याच कारणानं वैतागून हॉलबाहेर पडतात.

न्यू जर्सी, लंडन, टोरांटोकडची बरीच मराठी मंडळी कॉलेजपासून डिलन ऐकत आलेली असतात. तिकिटाला मोठी रक्कम मोजून जातात आणि घरी येऊन म्हणतात, ‘पैसे पाण्यात गेले.’ बहुतेक वेळा पैसे पाण्यात जातात ते तयारी न केल्यामुळे. ही तयारी तीन आठवड्यांत होते.

आधी एक चूक टाळा

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी गाडीत ‘ग्रेटेस्ट हिट्स’ लावणं. त्यानं जुनी चाल डोक्यात आणखी घट्ट बसते आणि हॉलमध्ये हिरमोड दुप्पट होतो. ‘रफ अँड रावडी वेज’ हा अल्बम १९ जून २०२० ला आला. त्याच नावाचा दौरा २ नोव्हेंबर २०२१ ला मिलवॉकीपासून सुरू झाला. या दौऱ्यात तो साधारण सतरा गाणी गात आला आणि त्यातली आठ-नऊ या एकाच अल्बममधली. अल्बममध्ये गाणी दहाच आहेत. स्टेजवर गाळलेलं म्हणजे ‘मर्डर मोस्ट फाउल’, जे जवळजवळ सतरा मिनिटांचं आहे. म्हणजे हा एक अल्बम नीट ऐकलात की निम्मा कार्यक्रम ओळखीचा झाला. उलट ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ ऐकायचंच म्हणून या दौऱ्याचं तिकीट काढणारा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो.

गाण्यांची यादी शोधणं अवघड नाही. त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक कार्यक्रमानंतर त्या रात्रीची गाणी क्रमानं येतात. तुमच्या तारखेच्या आधीच्या चार-पाच रात्री ताडून पाहा. चारही रात्री असलेलं गाणं तुमच्याही रात्री बहुधा असणार. एखादीच रात्र दिसणाऱ्या गाण्यावर भिस्त ठेवू नका. ‘सस्पेन्स जाईल’ म्हणून यादी न पाहणारे असतात, पण इथे सस्पेन्स कोणतं गाणं येईल यात नसतोच. ते कसं येईल यात असतो.

कान तयार करण्याचा क्रम

पहिला आठवडा एकाच गाण्याला द्या, ‘टँगल्ड अप इन ब्लू’ला. हे गाणं निवडायचं कारण असं की त्यात त्यानं वाद्यं, सूर, शब्द, अगदी गोष्ट सांगणारा माणूससुद्धा बदलला आहे, आणि हे सगळे बदल अधिकृत रेकॉर्डवर मिळतात. रोज एक रूप, दोनदा. पहिल्यांदा शब्द समोर न ठेवता, दुसऱ्यांदा शब्द वाचत.

१. न्यूयॉर्क, सप्टेंबर १९७४. हे १९९१ साली ‘बूटलेग सीरीज’च्या, म्हणजे त्याच्या न छापलेल्या रेकॉर्डिंगच्या अधिकृत मालिकेच्या, पहिल्या संचात आलं. गिटार आणि बेस (खालच्या सुरांची गिटार), बाकी काही नाही. गाण्याच्या सुरुवातीलाच अंथरुणात पडलेला माणूस भेटतो, तो इथे ‘तो’ आहे.

२. मिनियापोलिस, ३० डिसेंबर १९७४. जानेवारी १९७५ मध्ये आलेल्या ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’वर हेच आहे. ड्रम, की-बोर्ड, जादा गिटारी आल्या, सूर वर चढवून ‘ए’ केला आणि ‘तो’चा ‘मी’ झाला. अल्बम छापायला गेल्यावर दहापैकी पाच गाणी त्यानं अशी पुन्हा रेकॉर्ड केली.

३. नोव्हेंबर १९७५, रोलिंग थंडर दौरा. एकटा, गिटार हातात. ‘बूटलेग सीरीज’चा पाचवा खंड, २००२.

४. १९८४, ‘रियल लाइव्ह’. पुन्हा एकटाच, पण बरीचशी कडवी नव्यानं लिहिलेली. इथे पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा ताबा सुटतो.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट धरा: कडवं कुठूनही फिरून आलं तरी शेवटच्या ओळीत गाण्याच्या नावावर येतं. चाल हरवली, लय हरवली, तरी ती जागा हरवत नाही. ख्याल ऐकणाऱ्याला हे नवं नाही. बंदिश तीच, मांडणी त्या दिवसाची, आणि कान समेवर. फरक एवढाच की गवई मुखडा सांभाळतो. डिलन मुखड्याची चालही मोडतो, म्हणून इथे शब्दांवर जास्त विसंबावं लागतं.

दुसऱ्या आठवड्यात ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’. मूळ रेकॉर्ड १९६७ चं, जेमतेम अडीच मिनिटांचं: गिटार, माउथऑर्गन, बेस, ड्रम. १९६८ मध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं ते आपल्या पद्धतीनं वाजवलं आणि त्यानंतर डिलननंच ते हेंड्रिक्सच्या अंगानं गायला सुरुवात केली. १९७४ च्या ‘बिफोर द फ्लड’ या कार्यक्रमातच रेकॉर्ड केलेल्या अल्बमवर ते स्पष्ट ऐकू येतं. मग १९७८ चं ‘बुडोकान’ ऐका. त्यात बासरी आणि व्हायोलिन आहे. (याच अल्बमवर ‘डोन्ट थिंक ट्वाइस’ जमैकाच्या रेगे ठेक्यात आहे. ते आवडलंच पाहिजे असं नाही. आम्हालाही फार पुढे नेता आलेलं नाही.) तिन्ही रूपांत काय टिकतं? तीन कॉर्डचा (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांचा) फेरा, जो खाली उतरतो, परत वर येतो आणि पूर्ण गाणंभर तसाच फिरतो. बेसच्या सुराबरोबर गुणगुणून पाहा. दोन-तीनदा केलंत की पुढच्या वेळी गायला सुरुवात होण्याआधीच गाणं ओळखाल.

हॉलमध्ये ओळख पटवण्याचा क्रमही हाच ठेवा. आधी बेस आणि कॉर्ड. त्यानं नाही जमलं तर पहिल्या ओळीतले दोन शब्द पकडा. चालीची वाट बघू नका, ती येणार नाही. पहिल्या कडव्यात नाही ओळखलंत तरी घाबरू नका, ध्रुवपदापर्यंत थांबा. शेजारच्याला ‘हे कुठलं?’ विचारण्यात दुसरं कडवंही जातं.

तिसऱ्या आठवड्यात ‘रफ अँड रावडी वेज’, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चार-पाच वेळा. मध्ये जुनं काही लावू नका. शब्दांसाठी संकेतस्थळ वापरा, पण एक लक्षात ठेवा: तिथले छापील शब्द आणि रेकॉर्डवरचे शब्द काही गाण्यांत जुळत नाहीत. ती तुमच्या कानांची चूक नव्हे.

आवाजाबद्दल. तो १९६३ सारखा राहिलेला नाही, राहणारही नव्हता. माणूस २४ मे १९४१ चा. शतकाच्या सुरुवातीची काही वर्षं ओळीच्या शेवटी सूर एकदम वर फेकण्याची त्याला सवय होती. तिनं भल्याभल्यांचे कान किटले होते. मग २०१५ ते २०१७ मध्ये त्यानं जुन्या अमेरिकन गाण्यांच्या पाच सीडी काढल्या, एकूण बावन्न गाणी. चाहते ‘स्वतःचं काही नवीन लिही ना’ म्हणत हात चोळत बसले, पण त्या सावकाश गाण्यांनंतर शब्दफेक सुधारली हे नाकारता येत नाही. त्यातली एखादी सीडी शांतपणे ऐकून जा. आताचा आवाज तिथूनच आला आहे.

तिकीट आणि जागा

तिकीट त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच काढा. शोधयंत्रात नाव टाकलं की वर येणाऱ्या जाहिराती बऱ्याचदा फेरविक्रीवाल्यांच्या असतात आणि किंमत दुप्पट-तिप्पट असते. भारतातून जाणार असाल तर व्हिसा हातात आल्याशिवाय परतावा नसलेलं तिकीट घेऊ नका. आणि कार्यक्रम नक्की कोणता ते वाचा. बंद थिएटरातला स्वतंत्र कार्यक्रम साधारण पावणेदोन तासांचा असतो. उन्हाळ्यात उघड्या मैदानावर गायक विली नेल्सनबरोबरच्या ‘आउटलॉ’ महोत्सवात तोच डिलन अनेक कलाकारांतला एक असतो, वेळ कमी, गाण्यांची यादीही वेगळी.

पहिल्या रांगेचा सोस नको. तो पियानोमागे असतो, प्रकाश मंद ठेवतात आणि मोठा पडदा नसतो. सपाट जमिनीवरच्या पुढच्या रांगेतून कित्येकदा पियानोची पाठ आणि टोपी एवढंच दिसतं. अगदी कडेच्या जागा त्याहून वाईट. मधोमध, थोडी उंचावरची, मिक्सिंगच्या टेबलाच्या आसपासची जागा घ्या. तिथे आवाज सर्वांत स्वच्छ असतो, आणि शब्द पकडायचे असतील तर तोच महत्त्वाचा.

फोन

या दौऱ्यात फोन दारातच कुलूपबंद पिशवीत जातो. पिशवी तुमच्याजवळच राहते, उघडते ती बाहेर पडताना किंवा ठरवून दिलेल्या जागी. त्यामुळे चार गोष्टी आधीच करून ठेवा. तिकीट फोनवर असेल तर जागेचा क्रमांक कागदावर लिहा. बरोबरची माणसं चुकली तर कुठे भेटायचं ते ठरवा. साधं घड्याळ घाला, कारण स्मार्ट घड्याळही बहुधा पिशवीत जातं. आणि गजर बंद करा. पिशवीतला फोन वाजायला लागला की तो तुम्हाला थांबवता येत नाही, आणि तो नेमका सर्वांत हळू गाण्यात वाजतो. साखरेचा मापक किंवा दुसरं वैद्यकीय उपकरण फोनशी जोडलेलं असेल तर दारावरच्या कर्मचाऱ्यांना आधी सांगा, वेगळी सोय करतात. रांगेला वेळ लागतो, तेव्हा किमान पाऊण तास आधी पोचा.

तो बोलणार नाही हे धरून चाला. वादकांची नावं सांगितली तर नशीब. पुन्हा स्टेजवर येऊन आणखी एखादं गाणं म्हणण्याची पद्धतही या दौऱ्यात नाही. शेवटचं गाणं कोणतं हे यादीतून ठाऊक असेल तर ते नीट ऐकून घ्याल, नाहीतर ‘अजून येईल’ म्हणून टाळ्या वाजवत राहाल आणि दिवे लागतील.

रागावायचं कुठे

चाल बदलली म्हणून रागावण्यात अर्थ नाही. पैशाच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा, तिथे चाहत्याचा राग रास्त असतो. २०२२ मध्ये त्याच्या पुस्तकाच्या ९०० प्रती ‘स्वहस्ते सही केलेल्या’ म्हणून प्रत्येकी ५९९ डॉलरला विकल्या गेल्या. सह्या यंत्राने केल्याचं चाहत्यांनीच प्रतींची तुलना करून उघड केलं. प्रकाशकानं पैसे परत केले आणि डिलननं माफी मागितली. धडा सोपा: सही असलेली वस्तू घेतलीत तर तिच्या दोन-चार प्रतींची छायाचित्रं एकमेकांवर ठेवून पाहा. हातानं केलेल्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत.

जुन्या रेकॉर्डिंगच्या मोठ्या संचांचंही तसंच. २०१५ चा ‘द कटिंग एज’ तीन आकारांत आला: २, ६ आणि १८ सीडी. १८ सीडींच्या संचाच्या ५००० प्रती निघाल्या, किंमत जवळजवळ ६०० डॉलर. २०२४ साली १९७४ च्या दौऱ्याचा संच आला, २७ सीडी, ४३१ गाणी. हे एवढं का काढतात? युरोपच्या कायद्यानुसार रेकॉर्डिंग पन्नास वर्षांत प्रकाशित केलं नाही तर त्यावरचा हक्क जातो. म्हणूनच २०१२ मध्ये एक संच फक्त शंभरच्या आसपास प्रती काढून ‘प्रकाशित’ केला होता. म्हणजे यातले काही संच तुमच्यासाठी नसून वकिलांसाठी असतात, आणि त्यांत तीच गाणी रात्रीमागून रात्र परत येतात.

खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी दोन सीडींची आवृत्ती. त्यातलं एखादं गाणं डोक्यातून जाईना, तरच सहाची. ‘कटिंग एज’च्या सहा सीडींच्या संचात एक अख्खी सीडी ‘लाइक अ रोलिंग स्टोन’च्या रेकॉर्डिंगची आहे. पहिले प्रयत्न तीनच्या ठेक्यात अडखळतात, मग गाणं हळूहळू उभं राहतं. तेवढी एक सीडी ऐकायला मिळत असेल तर सहाच्या संचाचे पैसे वसूल. अठराचा संच घेण्याआधी कुणाकडून तरी एक दिवस मागून आणा आणि सलग तीन सीडी ऐकून पाहा. तिसरी संपायच्या आत उठलात, तर संच घेऊ नका.