आपल्या गावातील पदांचा इतिहास कसा लिहावा: सरपंचांच्या फलकापासून पाटीलकीच्या महजरापर्यंत

मराठवाड्यातील बहुतेक ग्रामपंचायतींच्या कार्यालयात शिरले की भिंतीवर माजी सरपंचांच्या नावांचा फलक दिसतो. नावे आणि कार्यकाल, मधेच एखाद्या ओळीत नुसते 'प्रशासक', आणि शेवटच्या नावापुढे 'पर्यंत'साठी मोकळी सोडलेली जागा. ज्याला आपल्या गावातील पदांचा आणि पदाधिकाऱ्यांचा इतिहास लिहायचा आहे, त्याने या फलकापासून सुरुवात करावी आणि तेथून एकेक पाऊल मागे जावे. पुष्कळ जण देवगिरीच्या यादवांपासून आरंभ करतात, दोन पानांत मलिक अंबर आणि औरंगजेब उरकतात आणि स्वतःच्या गावापर्यंत येईतो त्यांची वही आणि हौस दोन्ही संपलेली असतात.

वहीत चार रकाने आखावेत: पद, कागदावरील नाव, प्रत्यक्ष काम पाहणारी व्यक्ती आणि पुरावा. यांपैकी तिसरा रकाना बहुतेकांच्या डोक्यात येत नाही, आणि माझ्या मते सगळी गंमत तेथेच आहे. आपल्याकडे पद एकाच्या नावावर आणि काम दुसऱ्याच्या हाती, ही व्यवस्था 'सरपंचपती' हा शब्द रूढ झाल्यावर आलेली नाही. निजामाच्या राजवटीत ती उघडपणे चालत होती आणि त्यापूर्वीही होती. म्हणून कागदावरचे नाव मिळाले की शोध संपला, असे समजू नये.

फलक उतरवून घेताना प्रत्येक निवड कोणत्या नियमाने झाली, हे शेजारी लिहावे. आजच्या ग्रामपंचायतींचा आधार असलेला कायदा 1958 चा आहे. 24 एप्रिल 1993 रोजी 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या; महाराष्ट्रात 2011 मध्ये हे प्रमाण निम्म्यावर गेले. पूर्वी सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. 2017 मध्ये सरपंच थेट मतदारांतून निवडण्याची पद्धत आली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा आणली गेली. त्यामुळे फलकावर एकाखाली एक असलेली दोन नावे अगदी वेगवेगळ्या वाटांनी त्या खुर्चीपर्यंत आलेली असू शकतात. 2020 मध्ये करोनामुळे निवडणुका लांबल्यावर अनेक ठिकाणी प्रशासक नेमले गेले, त्यामुळे त्या वर्षाच्या आसपासचा 'प्रशासक' गावातील भांडणामुळेच आला असेल, असे गृहीत धरू नये.

फलकानंतर प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही पाहावी. ग्रामसेवकांना आधी तोंडी विचारावे आणि नाही म्हटले तरच माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. उलटे केल्यास अर्ज निकाली निघतो, पण कपाटाची किल्ली सापडत नाही. (2024 मध्ये ग्रामसेवकाचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले, तरी गावात जुनेच शब्द चालतात.) मोठ्या राजकारणाचा उगमही कधी कधी अशाच वहीत असतो. विलासराव देशमुख 1974 मध्ये बाभळगावचे सरपंच झाले आणि 1999 मध्ये राज्याचे मुख्यमंत्री. शिवराज पाटील चाकूरकर 1967 मध्ये लातूरचे नगराध्यक्ष होते आणि 1991 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले. मात्र आपल्या गावातून असा कोणी निघाला असेल, तर त्याला एक पान देऊन पुढे जावे, नाहीतर गावाचा इतिहास बाजूला राहून चरित्र लिहून होते.

सर्वांत किचकट काळ 1948 ते 1962 हा आहे, आणि येथे घाई करू नये. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानाने शरणागती पत्करली आणि मेजर जनरल जे. एन. चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. 26 जानेवारी 1950 पासून एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री आणि स्वतः निजाम राजप्रमुख होते. 1952 च्या निवडणुकीनंतर बुर्गुल रामकृष्णराव यांचे मंत्रिमंडळ आले. त्यात गृहखाते दिगंबरराव बिंदू यांच्याकडे होते. ज्यांनी निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्याचे नेतृत्व केले, ते स्वामी रामानंद तीर्थ मंत्रिमंडळात गेले नाहीत. ते 1952 मध्ये गुलबर्ग्यातून आणि 1957 मध्ये औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून आले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. एवढी साखळी पाठ असली की समोरच्या कागदावर कोणत्या सरकारचा शिक्का असायला हवा, हे लगेच कळते.

याच वर्षांत गावातील जुनी पदे एकेक करून मोडली. 1949 च्या ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या, 1954 च्या कायद्याने इनामे खालसा करण्यास आरंभ झाला, 1962 च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद गेले आणि 1967 च्या कायद्याने पोलीस पाटलाचे पद वंशपरंपरेतून सुटून नेमणुकीचे झाले. येथे एक पडताळणी आवर्जून करावी: शेवटचा माली, म्हणजे महसुली, पाटील आणि पहिला किंवा दुसरा सरपंच एकाच वाड्यातले होते काय? असतील तर पद मोडले आणि घर राहिले. नसतील तर गावात नेमके काय घडले, हा आपल्या पुस्तकाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो. संस्थानाच्या सरहद्दीवरच्या गावांत एखाद्या वर्षाचे दप्तरच सापडत नसेल, तर 1947-48 च्या मुक्ती आंदोलनात करोडगिरी (जकात) नाक्यांबरोबर पटवाऱ्यांची दप्तरेही जाळली गेली होती, हे लक्षात ठेवावे. अशी पोकळी आपल्या वहीत पोकळी म्हणूनच नोंदवावी.

कागद कोठे शोधायचे, हे आजच्या जिल्ह्यावरून ठरवू नये. जालना जिल्हा 1981 मध्ये, लातूर 1982 मध्ये आणि हिंगोली 1999 मध्ये झाला. त्यापूर्वीची त्यांची कागदपत्रे प्रामुख्याने अनुक्रमे औरंगाबाद, उस्मानाबाद आणि परभणी या नावांखाली असतात. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके 1956 पूर्वी बीदर जिल्ह्यात होते आणि किनवट आदिलाबादमध्ये. आपले गाव दिवाणी (सरकारी) मुलखात होते, निजामाच्या खासगी सर्फेखासात होते, की पायगा (निजामाच्या बड्या सरदारांची जहागीर) किंवा इतर जहागिरीत होते, हेही आधी विचारून घ्यावे, कारण त्यानुसार दप्तर बदलते. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये खासरा पाहणी पत्रक, म्हणजे 1954-55 ची नोंद, बहुधा मिळते. इनामाच्या आणि वतनाच्या चौकशीचे मुंतखब, म्हणजे निकालपत्रे, अतियातच्या (इनाम-वतनांच्या खात्याच्या) कागदांत असतात. तेथे काही हाती न लागल्यास छत्रपती संभाजीनगरचे पुरालेखागार आणि हैदराबादच्या तारनाक्याचे राज्य पुरालेखागार हे पुढचे टप्पे आहेत. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही दप्तरे पुष्कळदा उघडली गेली आहेत, त्यामुळे कोणते गाठोडे कोठे आहे, हे सांगणारा कारकून आता पूर्वीपेक्षा लवकर भेटतो.

निजामकाळातील कागद वाचताना पदांची नावे फसवतात. निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने 1865 मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले, आणि पुढे सुभ्यावर (काही जिल्ह्यांच्या गटावर) सुभेदार, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली इतर तालुकदार आणि तालुक्यावर तहसीलदार अशी उतरंड तयार झाली; म्हणजे येथला अव्वल तालुकदार हा जमीनदार नव्हे, तो जिल्हाधिकारी होय. देशमुख आणि देशपांडे यांच्याकडचे वसुलीचे काम याच सुधारणांत काढून घेण्यात आले आणि बदल्यात त्यांना रुसूम, म्हणजे ठरावीक रोख नेमणूक, मिळू लागला. त्यानंतरच्या कागदावर 'देशमुख' असे दिसले, तर तो मान आणि उत्पन्न यांचा उल्लेख आहे, कामाचा नाही. गावात मात्र तिघे काम करीत: महसुलाचा माली पाटील, बंदोबस्ताचा पोलीस किंवा कोतवाली पाटील आणि लिहिणारा पटवारी. पटवारकीचे वतन ज्याच्या नावावर, तो कित्येकदा शहरात राहून दुसराच व्यवसाय करी आणि गावचे दप्तर त्याचा गुमास्ता (बदली कारकून) लिहीत असे. आपला तिसरा रकाना येथे सर्वाधिक भरतो. त्यात शेतसिंधी, येसकर आणि तराळ या राखणीची आणि निरोपाची कामे करणाऱ्या गावकामगारांनाही जागा द्यावी. शिवेच्या वादात महाराची साक्ष वजनदार मानली जाई, आणि तरीही गावाच्या छापील इतिहासांत त्यांची नावे शोधून सापडत नाहीत.

नावांच्या मधले छोटे शब्द काळजीने वाचावेत. 'वल्द' म्हणजे मुलगा, 'जौजे' म्हणजे पत्नी, आणि 'मुसम्मात' हा शब्द दिसला की पुढचे नाव स्त्रीचे आहे. वतनदार वारल्यावर वारस लहान असेल, तर 'अज्ञान' असे लिहून पालनकर्त्या आईचे किंवा चुलत्याचे नाव येते. काम त्या चुलत्याने केले की गुमास्त्याने, हे पुढच्या पावत्यांवरील सहीवरून ठरवावे.

तारखांत माझी एकदा पुरती फजिती झाली. एका विरासतीच्या (वारसाच्या) कागदावरचे 1341 हे साल मी हिजरी धरले आणि 1922 असे लिहून मोकळा झालो. ते फसली, म्हणजे महसुली कालगणनेतले, होते आणि त्याचा अर्थ 1931-32. त्या नऊ वर्षांच्या चुकीमुळे माझ्या वहीत आजोबा जिवंत असताना नातू पाटील होऊन बसला होता, आणि हे त्या घरातल्या आजींनी मला हसत हसत दाखवून दिले. तेव्हा नियम असा: हैदराबादचा फसली सन ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्याने सुरू होतो, डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी त्यात 590 आणि जानेवारीपासून पुढे 591 मिळवावेत. जहागिरी रद्द करणारा विनियम 1358 फसलीचा आहे आणि तो ऑगस्ट 1949 मध्ये आला, यावरून हिशेब ताडून पाहता येतो. मराठेशाहीच्या कागदांत सुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत, इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा असा लिहिलेला असतो. तो मृग नक्षत्राला बदलतो आणि मृगापासून वर्षअखेरपर्यंत त्यात 599 मिळवले की इसवी सन येतो.

मोडी किंवा उर्दू येत नसेल, तर कागदाचा फोटो काढून दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून वाचून घ्यावा आणि दोघांचे वाचन जुळेल तेवढेच पक्के धरावे. उर्दू कागदांतील रकमा अनेकदा आकड्यांत न लिहिता सियाक या जुन्या हिशेबी लिपीच्या खुणांत असतात आणि उत्तम उर्दू वाचणारेही तेथे अडतात. मूळ कागदाला लॅमिनेशन करू नये, पान उलटताना बोटाला थुंकी लावू नये आणि शाईचे पेन खिशातच ठेवावे.

कोणाच्या घरी ट्रंकेच्या तळाशी महजर मिळाला, तर दिवस सार्थकी लागला असे समजावे. पाटीलकीचा वाद गोतसभेपुढे (गावकरी आणि वतनदार यांच्या न्यायसभेपुढे) चालून जो निवाडा होई, त्याचा हा कागद. त्याच्या शेवटी साक्षीदारांच्या निशाण्या असतात. पाटलाच्या नावाजवळ लहानसा नांगर आणि शेट्याच्या (बाजारपेठेच्या वतनदाराच्या) नावाजवळ तराजू काढलेला असतो. या कागदांत पाटलाला 'मोकदम' म्हटलेले असते, आणि पाटीलकी निम्मी विकली, गहाण टाकली किंवा थोरल्या-धाकट्या पातीत (घराण्याच्या शाखांत) वाटली, असेही आढळते. म्हणून एकाच वर्षी दोन पाटील दिसले तर एक खोटा आहे, असा निष्कर्ष काढू नये. अठराव्या शतकात मराठवाड्याच्या बऱ्याच भागात निजामाचा अंमल असूनही मराठ्यांचे कमाविसदार (वसुली अधिकारी) चौथ आणि सरदेशमुखी वसूल करीत, त्यामुळे एकाच गावाने एकाच वर्षी दोघांच्या पावत्या जपून ठेवलेल्या सापडतात.

कागदांच्या जोडीला माणसे विचारावीत, पण प्रश्न नीट घालावा. "आजोबा, तुमच्या लहानपणी पाटील कोण होते?" असे विचारले की कागदावरचेच नाव परत मिळते. "चावडीवर रोज कोण बसायचे? दवंडी कोण द्यायचे? सारा भरल्यावर पावती कोणाच्या हातची असायची?" असे विचारले की तिसऱ्या रकान्यातली माणसे बोलण्यात येऊ लागतात. वयस्क बाईंना हेच प्रश्न वेगळे बसून विचारावेत. घरातील पुरुष समोर असले की त्या "मला काय माहीत बाबा" एवढेच म्हणतात.

तिसरा रकाना भरताना दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. राखीव जागेवरच्या प्रत्येक सरपंच बाईंपुढे 'काम पती पाहत' असे लिहून टाकण्याचा मोह होतो. त्यापूर्वी त्यांच्या कार्यकालातील प्रोसिडिंग बुक पहिल्या पानापासून चाळावे. अशा एका वहीत मला सुरुवातीच्या सभांखाली जांभळ्या शाईचा अंगठा दिसला, पुढे काही सभांना नुसते नाव दुसऱ्याच्या अक्षरात, आणि मग एका ग्रामसभेपासून मोठ्या, वाकड्या, सुट्या अक्षरांतली सही, जी कार्यकाल संपेपर्यंत एकाही सभेत चुकलेली नाही. त्या ग्रामसभेची तारीख आणि त्या दिवशीचे ठराव चौथ्या रकान्यात उतरवून घ्यावेत आणि तिसऱ्या रकान्यात त्या बाईंचेच नाव लिहावे.