लेकीचं पोट अडलं, तेव्हा काय केलं

सहा महिने पूर्ण झाल्यावर लेकीला भाताची पेज आणि कुस्करलेलं केळं सुरू केलं, आणि शी घट्ट खड्यांसारखी होऊ लागली. कुंथून कुंथून तोंड लालबुंद! सासूबाई म्हणाल्या, "थोडा मध चाटव गं." त्याला मात्र ठाम नकार दिला, वर्षाच्या आत मधातून बोटुलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

केळं थांबवलं. पेजेऐवजी मूगडाळीची आसट खिचडी, बोटांनी मऊ चेचलेली, वर अर्धा चमचा तूप, मीठ नाही. दुपारी पिकलेल्या पपईचा गर. जेवताना उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन घोट. अंगावरचं दूध होतंच. नवा पदार्थ एका वेळी एकच, म्हणजे काय बाधलं ते कळतं. हळूहळू शी मऊ झाली. रक्त दिसलं असतं, तर थेट डॉक्टरच गाठले असते.

पपई निम्मी अजून माझ्याच अंगावर येते.